पगार समक्ष

भोसरी एमआयडीसीतला कुठलाही ब्लॉक घ्या, जे असो, एस असो की टी. गेटांवर लटकलेले ‘पाहिजेत’चे बोर्ड वाचत गेलं की मराठी गद्य किती काटकसरीनं लिहिता येतं ते कळतं. सीएनसी ऑपरेटर, व्हीएमसी सेटर, फिटर, हेल्पर, क्वालिटीसाठी डिप्लोमा, पॅकिंगसाठी महिला. खाली मोबाईल नंबर आणि शेवटी दोन शब्द: पगार समक्ष. मशीन कोणतं, अनुभव किती वर्षांचा, पाळ्या किती, हे रस्त्यावरच्या टेम्पोवाल्याला कळलं तरी शेठची हरकत नसते. पगाराचं तेवढं समोरासमोर, शक्यतो केबिनचं दार लोटून. बाणेर-हिंजवडीकडच्या नव्या कंपन्यांच्या जाहिराती याच्या दसपट लांब असतात. त्यांत जग बदलायचं आमंत्रण असतं, झपाटलेली माणसं हवी असतात, संस्थापकांचं स्वप्न दोन परिच्छेद व्यापून बसलेलं असतं आणि पगाराच्या जागी ‘अनुभवानुसार व बाजाराला धरून’ असं काहीतरी असतं. म्हणजे पगार समक्षच. फरक एवढाच की तिथल्या केबिनला काच असते, त्यामुळे बाहेरच्यांना निदान चेहरा पाहून आकडा ताडता येतो.

दोन्हीकडे आकडा लपवण्याचं कारण एकच आहे: तो लाजण्याइतका लहान असतो. नव्या धंद्याला पहिल्या माणसाचा पुरता पगार परवडत नाही. मग जे कमी पडतं ते धंदा दुसऱ्या कशात तरी फेडतो. शेअरच्या वायद्यात, ‘शिकायला मिळेल’ या आश्वासनात किंवा ‘तू काय परका आहेस का’ या वाक्यात. हे शेवटचं वाक्य सर्वांत स्वस्त पडतं, म्हणून सर्वांत जास्त वापरलं जातं. माझं म्हणणं असं की बाजारात 25 हजार मिळू शकणारा माणूस ज्या दिवशी 18 हजारांवर तुमच्याकडे उभा राहतो, त्या दिवसापासून तो दरमहा 7 हजार रुपये तुमच्या धंद्यात घालत असतो. त्याला कामगार म्हणा, टीम मेंबर म्हणा, धाकटा भाऊ म्हणा. हिशेबाच्या भाषेत तो तुमचा सावकार आहे. आणि सावकाराची नोंद वहीत नसेल तर त्या वहीत काहीतरी गडबड आहे.

भोसरीच्या गाळ्याला स्टार्टअपच्या पंगतीला बसवल्यावर काहींना हसू येईल. सरकारची ‘स्टार्टअप इंडिया’ योजना 16 जानेवारी 2016 ला सुरू झाली, औद्योगिक विकास महामंडळ 1 ऑगस्ट 1962 ला. मधल्या अर्धशतकात लांडेवाडीपासून गवळीमाथ्यापर्यंत आणि टेल्को रोडच्या दोन्ही अंगांना जे शेकडो गाळे उभे राहिले, ते करत काय होते? मोठ्या कंपनीतली कायम नोकरी सोडून आलेला एक माणूस, हप्त्यावर घेतलेला एक लेथ, त्याच मोठ्या कंपनीतलं एकुलतं एक गिऱ्हाईक आणि पुढच्या महिन्याचं भाडं कुठून येणार याबद्दल संपूर्ण अज्ञान. स्टार्टअपचं सगळं सामान इथे हजर आहे. गुंतवणूकदार नव्हता, म्हणून त्याला कुणी तसं म्हटलं नाही. सुट्टीच्या बाबतीत तर भोसरी काळाच्या पुढेच होती. विजेच्या वेळापत्रकानं इथली साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणून ठेवली. सगळ्या देशाचा रविवार भोसरीत गुरुवारी उगवतो, आणि नातेवाइकांच्या रविवारच्या लग्नाला जायचं तर खाडा पडतो.

माणूस निवडण्याच्या पद्धतीत मात्र गाळा सरस आहे. स्टार्टअपमध्ये पहिला इंजिनिअर घ्यायचा तर पाच फेऱ्या होतात. त्यातली एक ‘आमच्या संस्कृतीत तुम्ही बसता का’ हे तपासण्यासाठी असते. कंपनीला जन्मून चार महिने झालेले असतात, तरी तिची संस्कृती तयार असते. गाळ्यात उमेदवाराला मशीनवर उभं करतात, ड्रॉइंग हातात देतात आणि म्हणतात, एक जॉब काढून दाखव. अर्ध्या तासात जॉब निघतो, मायक्रोमीटर लागतो, माप बसलं की माणूस बसला. मायक्रोमीटरला उमेदवाराचं कॉलेज कळत नाही, आडनाव कळत नाही, पाच वर्षांनी तो स्वतःला कुठे पाहतो याच्याशीही त्याला देणंघेणं नसतं. परीक्षेचा जॉब मापात बसला तर मालाबरोबर डिस्पॅच होतो आणि त्याची मजुरी कुणी मागत नाही. स्टार्टअपमध्ये उमेदवारानं शनिवार-रविवार बसून करून दिलेला ‘असाइनमेंट’चा प्रकल्पही कधीकधी असाच डिस्पॅच होतो. सावकारी पहिल्या दिवसाच्याही आधी सुरू होते ती अशी.

अर्थात मायक्रोमीटर परक्यांसाठी. पहिला माणूस बहुधा परका नसतोच. तो भाचा असतो, मेहुणा असतो, नाहीतर लातूर-नांदेडकडच्या आपल्याच गावचा, आईनं फोनवर सांगितलेला कुणीतरी असतो. त्याला धड पगार देता येत नाही आणि काढताही येत नाही, कारण काढलं तर गावच्या जत्रेत जाब द्यावा लागतो. त्याच्याही आधीची एक कर्मचारी असते, ती कुठल्याच हजेरीपटावर सापडत नाही. ती चलनं लिहिते, जीएसटीची बिलं टॅलीत चढवते, वसुलीचे फोन करते, कारण ‘मॅडमचा फोन’ गेला की समोरचा अकाउंटंट जरा सभ्य बोलतो. गंमत म्हणजे कागदावर कित्येकदा तीच मालक असते, बोर्डावर प्रोप्रायटर म्हणून तिचंच नाव असतं. मालक असल्यामुळे तिला पगार नाही आणि बायको असल्यामुळे तिला नफा नाही. मोठ्या कंपन्यांचा इतिहासही या बाबतीत फार वेगळा नाही. 1981 साली पुण्यात इन्फोसिस सुरू झाली ती सुधा मूर्तींनी दिलेल्या 10 हजार रुपयांवर. ती रक्कम इतिहासात नोंदली गेली, कारण पुढे कंपनी मोठी झाली. भोसरीतल्या गाळ्यांत मोडलेल्या पाटल्यांची नोंद पेढीवाल्याकडे असेल तर असेल.

आता पगाराकडे येऊ, म्हणजे समक्ष. भोसरीतला उमेदवार एकच प्रश्न विचारतो: हातात किती? हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पुस्तकात घ्यावा इतका नेमका आहे. स्टार्टअपनं त्याच्यावर उतारा म्हणून सीटीसी नावाचा आकडा काढला. त्यात मूळ पगार असतो, मालकानं भरायचा भविष्यनिर्वाह निधी असतो, पाच वर्षं टिकलात तर मिळणारी ग्रॅच्युइटी असते, विम्याचा हप्ता असतो, गाठलं तर गाठलं अशा लक्ष्यावरचा बोनस असतो आणि कंपनी विकली गेली तर किमती ठरतील असे शेअर असतात. या सगळ्याची बेरीज होते 12 लाख आणि मुलीच्या वडिलांना तीच सांगितली जाते. हातात पडतात ते 60 हजार, घरभाडं मात्र त्या 60 हजारांतूनच द्यावं लागतं. गाळ्यातला शेठ असली बेरीज करत नाही, त्याला ती सुचतही नाही. तो सांगतो, बारा तासांचे इतके, ओटी इतकी, खाडा झाला की कापणार. आकडा कमी असतो, पण तो एकाच काळातला असतो. वर्तमानकाळातला.

तारखेचं दुखणं दोघांना सारखंच. 1936 च्या वेतन कायद्यानं एक अजब न्याय केला होता: हजारापेक्षा कमी कामगार असतील तर पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत, हजार किंवा जास्त असतील तर 10 तारखेच्या आत. म्हणजे ज्याच्याकडे अकाउंट्सचा अख्खा मजला आहे त्याला तीन दिवस जास्त आणि ज्याच्याकडे एक बायको आहे त्याला तीन दिवस कमी. कारण असं असावं की हजार पाकिटं भरायला वेळ लागतो. पाकिटात घालायचे पैसे जमवायला वेळ लागतो हे 1936 साली कुणाच्या ध्यानात आलं नसावं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या वेतन संहितेनं मासिक पगाराला सर्वांसाठी 7 तारीख करून हा भेद मिटवला. गाळ्याची अडचण मात्र तारखेत नाहीच, ती वरच्या कंपनीच्या बिलात आहे. 2006 च्या सूक्ष्म-लघुउद्योग कायद्यानुसार लहान पुरवठादाराचं बिल फार तर 45 दिवसांत चुकतं व्हायला हवं. नाही झालं तर बँकदराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. हे कलम पुस्तकात इतकं देखणं दिसतं की ते मोडायला मन होत नाही, म्हणून कुणी वापरतही नाही. व्याजाचं पत्र पाठवणाऱ्या शेठला पुढची ऑर्डर मिळेल का, हे त्या कायद्यात लिहिलेलं नाही. मग बिल 90 दिवसांनी येतं, पगार 7 तारखेचा 17 ला होतो, आणि मधले दहा दिवस कोट्यवधींच्या गाडीचा एक बारीकसा बुश एका हेल्परच्या उधारीवर धावत असतो. हेल्परला याची कल्पना नसते. गाडीलाही नसते.

याच व्यवहाराची उलटी बाजू म्हणजे उचल. बहिणीचं लग्न, गावचं घर, पोराची फी, मोटारसायकल. कामगार उचल मागतो आणि शेठ कुरकुरत देतो, मग ती दरमहा पगारातून कापली जाते. मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या वर्गात माणसं टिकवण्यासाठी जे जे शिकवतात त्याचं भोसरीतलं एकमेव रूप हेच. वीस हजार देणं असलेला ऑपरेटर सोडून जात नाही आणि वीस हजार येणं असलेला शेठ त्याला काढत नाही. दोघे एकमेकांना ओलीस ठेवून सुखानं काम करतात. दुसऱ्या गाळ्याला तो माणूस हवाच असेल तर तिकडचा शेठ जुनी उचल फेडून त्याला घेऊन जातो; फुटबॉलच्या जगात यालाच ट्रान्सफर फी म्हणतात आणि टाळ्या वाजवतात. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली असं परंपरा सांगते. तीच इंद्रायणी इथून हाकेच्या अंतरावर आहे, पण उचलीची वही घेऊन तिकडे गेलेला गाळामालक अजून ऐकिवात नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उचल म्हणजे वेठबिगारीचीच पायरी नव्हे का? ऊसतोडीच्या टोळ्यांत, वीटभट्ट्यांवर उचलीनं कुटुंबंच्या कुटुंबं बांधली गेली आहेत आणि 1976 चा वेठबिगारी निर्मूलन कायदा उगाच करावा लागलेला नाही. हे खरं आहे. उचल चांगली की वाईट हे तिच्यावर ठरतच नाही, ते कामगाराला दुसरा गाळा किती जवळ आहे यावर ठरतं. माळरानावरच्या भट्टीत दुसरा मालक नसतो. भोसरीतल्या सेटरला भिंतीपलीकडे असतो. म्हणून इथली उचल बहुधा कर्जच राहते. मला उचलीची आरती करायची नाही, तिच्यातली फक्त एक गोष्ट दाखवायची आहे: तिची वही असते. तारीख, रक्कम, सही, नाहीतर अंगठा. शेठनं कामगाराला दिलेला रुपया लिहिला जातो. कामगारानं शेठच्या धंद्यात सोडलेला रुपया लिहिण्यासाठी तशी वही अजून कुणी छापलेली नाही.

स्टार्टअपवाले म्हणतील, छापली आहे की! तिचं नाव ईसॉप. कागद इंग्रजीत, जाडजूड, सगळं लिखित. लिखित आहे हे मान्य. काय लिहिलंय ते पाहू. पहिलं एक वर्ष काहीच मिळत नाही, कंपनी कायद्याच्या 2014 च्या नियमांतच निदान एका वर्षाची अट आहे. पुढे बहुधा चार वर्षांत थोडे थोडे शेअर घेण्याचा हक्क पिकत जातो. हक्क, शेअर नव्हे. शेअर घ्यायचे तर ठरलेली किंमत मोजायची, आणि ते घेतले त्या दिवशीची बाजारकिंमत व तुम्ही मोजलेली किंमत यांतला फरक पगार समजून त्यावर प्राप्तिकर. बाजारकिंमत म्हणजे कुणा मूल्यांकनकारानं काढलेला आकडा. तो शेअर विकायला बाजार नसतो. म्हणजे हातात किती, या प्रश्नाचं उत्तर शून्याच्याही खाली जातं. सरकारला हे पटलं, म्हणून 2020 च्या अर्थसंकल्पात हा कर पुढे ढकलण्याची सवलत आली, पण ती ठरावीक मान्यताप्राप्त स्टार्टअपनाच. बाकीच्यांनी न मिळालेल्या पैशांवरचा कर मिळालेल्या पगारातून भरायचा.

पण इन्फोसिस? हे उत्तर कुठल्याही चर्चेत पाचव्या मिनिटाला येतं, आणि यायलाच हवं. 1993 ला शेअर बाजारात आलेल्या या कंपनीनं 1994 पासून कर्मचाऱ्यांना शेअर दिले आणि त्यातून कितीजण कोट्यधीश झाले याच्या गोष्टी मध्यमवर्गीय घरांत आजही जेवताना सांगितल्या जातात. त्या खऱ्याच आहेत. मात्र त्या घडल्या तेव्हा कंपनी बारा-तेरा वर्षांची झाली होती, नफ्यात होती, आणि तिचा शेअर कुणालाही बाजारात जाऊन विकता येत होता. त्याआधीचे जे खरे पहिले, म्हणजे सात संस्थापक, त्यांच्याकडे ऑप्शन नव्हते, मालकीच होती. त्यांच्यातला कर्मचारी क्रमांक एक होता एन. एस. राघवन. नारायण मूर्ती आधीच्या नोकरीतली कामं उरकून नंतर रुजू झाले. पहिला कर्मचारी मालक असेल तर त्यानं कमी पगार घेण्यात काही विचित्र नाही. विचित्र तेव्हा होतं, जेव्हा त्याला मालकासारखं उपाशी राहायला सांगून कामगारासारखा वाटा देतात. दुसऱ्या टोकाला बायजूज. 2022 साली 22 अब्ज डॉलरचं मूल्यांकन, जुलै 2024 मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया. त्या 22 अब्जांचा काही अंश ज्यांच्या ऑफर लेटरमध्ये छापलेला होता, त्यांच्याकडे आज ते लेटर तेवढं आहे.

अशा वेळी कोण कितव्या बाकावर बसतो ते 2016 च्या दिवाळखोरी संहितेनं नेमकं ठरवून दिलंय, आणि माझ्या म्हणण्याला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. कंपनी मोडीत निघाली की आधी प्रक्रियेचा खर्च. मग तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीनं, एकाच ओळीत, कामगारांचं 24 महिन्यांचं येणं. त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचा 12 महिन्यांचा पगार. मग बिनतारणी कर्जं, सरकारी येणी, उरलेली देणी अशी उतरंड. आणि अगदी शेवटी, दिवे मालवून झाल्यावर, शेअरधारक. म्हणजे पगार मागणारा माणूस कायद्याच्या नजरेत बँकेच्या शेजारी बसतो. तोच माणूस पगाराऐवजी शेअर घेतो तेव्हा उठून शेवटच्या बाकावर जातो, आणि त्याला वाटतं आपल्याला बढती मिळाली. त्यातही भोसरीतला बराचसा धंदा प्रोप्रायटरी, त्याला या संहितेचा फारसा आधार नाही. तिथे मोडीत निघणं म्हणजे एका गुरुवारी टेम्पो येतो आणि शुक्रवारी शटरला नवं कुलूप दिसतं.

सगळेच मालक असे नसतात, हा पुढचा आक्षेप. किर्लोस्करवाडीचं उदाहरण लोक डोळे ओलावून देतात, तेही बरोबरच आहे. 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगानं आणि नागांनी भरलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना मांडला. त्यांच्या पहिल्या माणसांची यादी आजच्या एखाद्या भरती सल्लागाराला दाखवली तर तो पाणी मागेल. शाळेत न चमकलेला भाऊ रामूअण्णा, आधीच्या नोकरीला मुकलेले शंभोराव जांभेकर, मॅट्रिकपर्यंतही न पोचलेले अनंतराव फळणीकर, कशातच धड न ठरलेले के. के. कुलकर्णी, आणि वसाहतीची राखण करायला दरोड्यात शिक्षा भोगून आलेली माणसं. त्यांतून व्यवस्थापक निघाले, इंजिनिअर निघाले, आणि राखण चोख झाली. यावरून ‘माणसं विश्वासानं घडतात, पैशानं नाही’ असा निष्कर्ष काढायची घाई होते. जरा थांबून पाहा: लक्ष्मणरावांनी त्या माणसांना दिलं ते त्याच वर्षी दिलं. राहायला घर, बायकापोरांसकट वसवलेलं गाव, कमी शिकलेल्याच्या हाती सोपवलेलं मोठं काम. लोखंडी नांगर खपायला दोन वर्षं लागली होती, तेवढा धीर त्यांच्यापाशी होता. पण ‘नांगर खपले की तुझं बघू’ या करारावर माळावर माणसं वसत नाहीत. आज विश्वासाचा दाखला देणारे बहुतेकजण किर्लोस्करांचा विश्वास घेतात आणि घर वजा करतात.

भोसरीला मात्र या नोंद न झालेल्या कर्जाची वसुली कशी होते ते पुरतं ठाऊक आहे. कामगार ती स्वतः करतो. पाच-सात वर्षं सेटिंग केलेल्या माणसाला मशीनपेक्षा गिऱ्हाईक जास्त ठाऊक असतं. कुठल्या परचेसवाल्याला कुठला दर चालतो, कुठल्या जॉबला किती रिजेक्शन, कुठलं टूल कुठे स्वस्त. मग एके दिवशी तो उचल फेडतो, पेढे देतो, शेठच्या पाया पडतो आणि समोरच्या लायनीत गाळा घेतो. दीड महिन्यानं शेठचं एक गिऱ्हाईक तिकडे दिसायला लागतं, कारण दर पाच टक्क्यांनी कमी. शेठ वर्षभर ‘ज्याला हाताला धरून शिकवलं’ हे वाक्य म्हणत राहतो. तो स्वतः ज्या कंपनीतून आला तिथला फोरमन हेच वाक्य त्याच्याबद्दल म्हणत होता, हे त्याला आठवत नाही. समोरचा गाळा हाच भोसरीचा ईसॉप आहे. त्याला कागद लागत नाही, मूल्यांकन लागत नाही, आणि चार वर्षांचं व्हेस्टिंग बहुधा सातव्या वर्षी एकदम होतं.

यावर गाळेवाले खुशीनं म्हणतील, मग तक्रार कसली? शिकला, मोठा झाला, फिटंफाट. मुद्दा बिनतोड वाटतो, पण तो फक्त सेटरला लागू पडतो. सात वर्षं पॅकिंग करणारी बाई कुठल्या लायनीत गाळा टाकणार? टेम्पो चालवणारा, माल मोजणारा, पहिल्या पावसाळ्यात गाळ्यात पाणी शिरलं तेव्हा रात्रभर मोटार लावून बसलेला हेल्पर, यांचीही उधारी तेवढीच होती, पण त्यांच्या हाती नेण्यासारखं ड्रॉइंग नव्हतं. शिवाय ही वसुली शेठलाही महाग पडते. पाच टक्के वाटा लिहून दिला असता तर जे टिकलं असतं, ते पाच टक्के कमी दरानं निघून जातं. हिशेबाच्या दृष्टीनं हे इतकं उघड असूनही पटत नाही, कारण निघून गेलेलं गिऱ्हाईक म्हणजे नशीब असतं, आणि लिहून दिलेला वाटा म्हणजे खर्च.

वाढलो की देऊ, हेही ऐकू येतं. इथे कायदा विनोदी होतो. दहावा माणूस आला की ईएसआय, विसावा आला की भविष्यनिर्वाह निधी आणि किमान 8.33 टक्के बोनस. त्यामुळे या पट्ट्यात माणसांची वाढ एकोणिसाव्या वर्षी नव्हे, एकोणिसाव्या माणसाशी खुंटते. विसावा येतो तो ठेकेदाराच्या पटावर येतो, ट्रेनी म्हणून येतो, नाहीतर शेजारच्या गाळ्यात सौ.च्या नावावर निघालेल्या नव्या फर्मचा पहिला माणूस म्हणून येतो. दोन गाळ्यांच्या मधली भिंत पाडलेली असते, कॉम्प्रेसर एकच असतो, चहाही एकाच किटलीतून येतो. पण कागदोपत्री ही दोन नवजात आस्थापनं. कायद्यानं हे ओळखून शाखा आणि विभाग एकच धरायची तरतूद केली, शेठनं ती तरतूद ओळखून दोन्ही फर्मच्या बोर्डांचे रंग वेगळे केले. या सगळ्यात पहिला कामगार जिथे होता तिथेच. वाढलो की देऊ म्हणणारा धंदा वाढलोच नाही हे सिद्ध करण्यात इतका हुशार झालेला असतो, की देण्याची वेळ कधी येत नाही.

तेव्हा मागणी अगदी लहान आहे. पहिल्या दोन-तीन माणसांना घेताना एक पान लिहावं: बाजारभाव इतका, आम्ही देतो इतका, फरक इतका; हा फरक तुझ्या नावे जमा; तीन वर्षांनी रोख मागितलास तर व्याजासह, नाही मागितलास तर नफ्यात अमुक टक्के. सोडून गेलास तर त्या तारखेपर्यंतचा हिशेब. स्टार्टअपनं हेच लिहावं, ऑप्शन वरून द्यायचे तर द्यावेत. ‘पैसाच नाही तर लिहू काय?’ असं कुणी म्हणेल. पैसा नाही म्हणूनच लिहायचं. रोखीच्या व्यवहाराला कागद लागत नाही. ‘धंदा बुडाला तर?’ तर बुडाला, सावकाराचंही बुडतं. फक्त निदान त्याला आपण सावकार होतो हे माहीत असतं, आणि तेवढ्या माहितीवर माणूस पहिल्या महिन्यातच ठरवू शकतो की हा जुगार आपल्याला खेळायचा आहे का.

खरी अडचण निघेल ती ‘नफ्यात अमुक टक्के’ इथे. कारण गाळ्यात नफा किती, याची उत्तरं दोन असतात. प्राप्तिकराच्या मोसमात शेठ इतका खंगलेला असतो की पाहणाऱ्यानं वर्गणी काढावी. सप्टेंबरात कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घ्यायची वेळ येते तेव्हा तोच धंदा बँकेसमोर गुटगुटीत होऊन बसतो, पुढच्या तीन वर्षांच्या वाढत्या आकड्यांसकट. स्टार्टअपमध्ये हीच दोन रूपं गुंतवणूकदार आणि कर्मचारी यांच्यासाठी राखून ठेवलेली असतात. पगारवाढीच्या बैठकीत रोख संपत आलेली असते आणि निधी उभारण्याच्या बैठकीत बाजारपेठ अब्जावधींची असते. वाटा कुठल्या आकड्यावर काढायचा यावर फार खल करायचं कारण नाही. बँकेला दिलेल्या प्रकल्प अहवालाची एक झेरॉक्स पहिल्या कामगाराला द्यावी, शेठच्या सहीशिक्क्यासह.